शारदा ते नीरा : एका प्रश्नाची अडतीस वर्षे

ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक स्मरणिकेसाठी लिहिताना जुनी नाटके आठवावीत, हे क्रमप्राप्तच आहे. कोणत्याही जुन्या मराठी ग्रंथालयात सर्वांत अधिक हाताळलेला, शिवण उसवलेला आणि पुनःपुन्हा बांधून घेतलेला विभाग हा बहुधा नाटकांचाच असतो. त्या विभागातील एक नाटक आणि त्याच विषयावरचा एक चित्रपट यांचा एकत्र विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. नाटक गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ (१८९९). चित्रपट ‘प्रभात’चा ‘कुंकू’ (१९३७). दोहोंचा विषय एकच : जरठ-बाला-विवाह.

‘शारदे’चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूर येथे केला. ही गोष्ट आम्हां मध्यप्रदेशातील मराठी माणसांना विशेष अभिमानाची वाटते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि आमचा बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. शाळा, कचेरी यांची भाषा बदलली. पण वैनगंगेच्या खोऱ्यात मराठी नाटकाची ओढ मात्र सीमारेषेने अडवली नाही. दिवाळीनंतर मंडई भरली की रात्री दंडार आणि नाटक ठरलेले. खैरलांजीच्या परिसरात घरी पोवारी, बाजारात हिंदी आणि नाटकाच्या मांडवात मराठी ऐकतच आमची पिढी वाढली.

देवलांनी एकूण सात नाटके लिहिली. त्यांपैकी ‘मृच्छकटिक’ आणि ‘विक्रमोर्वशीय’ संस्कृतावरून, ‘झुंझारराव’ शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून घेतलेले. ‘शारदा’ हे त्यांचे एकमेव स्वतंत्र नाटक. इतरांच्या कथानकांना मराठी वेष चढवण्यात हयात घालवलेल्या या नाटककाराला स्वतःचे म्हणून एकच कथानक सांगावेसे वाटले आणि ते राजाराणीचे नव्हते, गरीब ब्राह्मणाच्या घरातील उपवर मुलीचे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्यामागची पार्श्वभूमी तापलेली होती. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ बुलढाण्याहून येऊन (१८८२) सतरा वर्षे झाली होती. रखमाबाईंचा खटला गाजून गेला होता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हा टिळक आणि आगरकर परस्परविरुद्ध बाजूंना उभे राहिले होते.

देवलांनी पात्रांची नावेच अर्थवाही ठेवली आहेत. पैशासाठी मुलगी विकणारा बाप तो कांचनभट; वृद्ध, धनाढ्य वर तो भुजंगनाथ; मध्यस्थी करून दोन्हीकडून पोळी भाजून घेणारा तो भद्रेश्वर दीक्षित, ज्याच्या नावातले भद्र कृतीत औषधालाही नाही. रामाच्या धनुष्याचे नाव धारण करणारा तरुण तो कोदंड. आणि जिची विक्री व्हावयाची ती साक्षात विद्येची देवता, शारदा. नावांचा हा खेळ बाळबोध वाटेल. परंतु देवलांचे सामर्थ्य असे की पात्रे नावांपुरती उरत नाहीत. भुजंगनाथ हा केवळ दुष्ट नाही. म्हातारपण झाकण्याची त्याची धडपड हास्यास्पद आहे आणि थोडी केविलवाणीही आहे. कांचनभट हा राक्षस नाही. लोभाने आंधळा झालेला, ओळखीचा गृहस्थ आहे. प्रेक्षकाला तो शेजारच्या आळीत भेटलेला असतो, म्हणूनच तो अधिक बोचतो. इंदिराकाकूंना सर्व कळते. परंतु घरात त्यांचा शब्द चालत नाही. शारदा आणि वल्लरी यांच्या संवादांतून मुलींचे स्वतःचे, वडीलधाऱ्यांच्या कानांआडचे जग मराठी रंगभूमीवर उभे राहिले.

आणि तरीही नाटकाचा शेवट विचारात पाडतो. लग्न मोडते ते कशामुळे? मुलीवर अन्याय होतो आहे म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र आहेत, हे कोदंड मांडवात उघड करतो म्हणून. पुढे अर्धवट लग्न झालेली ही मुलगी समाजाच्या लेखी कुठलीच उरत नाही. ती जीव द्यावयास निघते, कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या अनुमतीने त्यांचा विवाह होतो. शास्त्राने बांधलेली गाठ शास्त्रानेच सोडवली. देवलांना आपला प्रेक्षक ठाऊक होता. जो प्रेक्षक सुधारकाचे ऐकणार नाही, तो शंकराचार्यांचे ऐकेल, हा हिशेब त्यात असावा. तो हिशेब चुकला असे म्हणवत नाही. नाटक लोकप्रिय झाले. स्वदेशहितचिंतक मंडळीत बालवयातील केशवराव भोसले यांनी शारदेच्या भूमिकेत कीर्ती मिळवली. पण शारदेच्या इच्छेला स्वतःचे असे वजन नाटकात मिळाले नाही, हेही खरे.

त्यानंतर अडतीस वर्षांनी ‘कुंकू’ आला. दरम्यान १९२९ मध्ये बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा संमत होऊन १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. वधूचे किमान वय चौदा आणि वराचे अठरा ठरले. हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून तो ‘सारडा कायदा’ आणि बोलण्यात अनेकदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला, हा नामसाम्याचा विलक्षण योगायोग. परंतु कायद्याने किमान वय ठरवले. वधूवरांच्या वयांतील अंतराविषयी तो काही बोलला नाही. कायद्याच्या याच फटीत ‘कुंकू’ची नीरा उभी आहे.

नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी हा चित्रपट दिग्दर्शित केला. ‘दुनिया न माने’ ही त्याची हिंदी आवृत्ती. शांता आपटे नीरा झाल्या, तर रंगभूमीवर नाव मिळवलेले केशवराव दाते वृद्ध वकील काकासाहेब झाले. ‘शारदा’ जेथे संपते, तेथे ‘कुंकू’ सुरू होतो. येथे मांडवात कोणी धावून येत नाही. फसवणुकीने लग्न लागून जाते आणि मग नीरा पत्नी म्हणून नांदण्यास नकार देते. शारदा गाण्यांतून आपले दुःख सांगते. नीरा वागण्यातून आपला निर्णय सांगते.

नाटकाला जे शब्दांनी करावे लागते, ते चित्रपटाने वस्तूंकडून करवून घेतले. भिंतीवरचे जुने घड्याळ हे काकासाहेबांचेच दुसरे रूप. त्याची टिकटिक ही त्यांच्या सरत्या आयुष्याची मोजदाद. फुटक्या आरशात त्यांना आपलाच चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसतो. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात आणि त्यामुळे त्या घरातली शांतता असह्य होते. नीरा लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. परक्या भाषेतला तो स्वर तिच्या कोंडलेल्या मनाला खिडकीसारखा आहे. आणि या सर्वांच्या मध्यभागी कुंकू. सौभाग्याचे चिन्ह तेच बंधनाचे चिन्ह झाले आहे. शेवटी काकासाहेब स्वतःच ते पुसतात, तिला मुलीप्रमाणे मानतात आणि तिने पुनर्विवाह करावा असे पत्र मागे ठेवून जीवन संपवतात.

येथे दोन्ही कृतींतील एक साम्य नजरेआड करता येत नाही. शारदेला सुटका दिली ती शंकराचार्यांनी. नीरेला दिली ती पश्चात्तापदग्ध पतीने. अडतीस वर्षांत मुलगी बोलू लागली, नाही म्हणू लागली. परंतु दाराची कडी अखेर पुरुषानेच काढली. हा त्या कलावंतांचा दोष म्हणण्यापेक्षा त्या काळाची मर्यादा म्हणावी. आणि ती ओळखणे म्हणजे त्या कृतींचा अनादर करणे नव्हे.

हे सर्व मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. परंतु ‘शारदा’ मला प्रथम समजली ती वर्गात नव्हे. मी बारा-तेरा वर्षांचा असताना गावच्या हौशी मंडळींनी मंडईत हे नाटक केले. माझ्या वडिलांची आत्या, जिला आम्ही आत्याआजी म्हणत असू, ती माझ्या शेजारी घोंगडीवर बसली होती. तिला तेराव्या वर्षी एका दुजवरास दिले होते आणि विसाव्या वर्षी ती माहेरी परत आली होती, ती कायमची. कोदंड मांडवात उभा राहिला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याआजी मात्र उठली. वाटेत मी कारण विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “आमच्या येळेस कोनी कोदंड आला नाही, बाबू.”

पुढे ग्रंथालयातून ‘शारदे’ची प्रत आणून मी तिला वाचून दाखवली. तिला अक्षरओळख नव्हती. पहिल्या अंकातील मुलींचे बोलणे तिने तीन वेळा वाचावयास लावले आणि शेवटचा अंक वाचू दिला नाही. इतके नेमके समीक्षण मी त्यानंतर क्वचितच ऐकले आहे. नाटकात खरे काय आणि सोयीचे काय, हे तिने न वाचताच ओळखले होते.

आज मुलीच्या विवाहाचे किमान वय अठरा आहे. तरीही बालविवाह थांबवल्याच्या बातम्या अधूनमधून वाचावयास मिळतात, आणि कांचनभट व भद्रेश्वर नवी नावे घेऊन वावरत आहेत असे वाटते. म्हणून ही जुनी पुस्तके कपाटात राहून चालणार नाहीत. ती हातांत गेली पाहिजेत. शंभर वर्षे हेच काम निष्ठेने करणाऱ्या आपल्या ग्रंथालयाला माझे वंदन. ‘शारदे’ची ती प्रत पुन्हा एकदा बांधून घ्यावी लागो, एवढीच शुभेच्छा.