यंत्र आले, शिक्षकाला कोणी शिकवले? पन्नास वर्षांचा आढावा

(१) शाळेत दूरचित्रवाणी कधी आली, संगणक कधी आला, याच्या तारखा सहज सापडतात. ती साधने वर्गात वापरण्यास शिक्षकांना कोणी, किती दिवस आणि कशा रीतीने शिकवले, हा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. आजच्या थ्रेडमध्ये तोच पाहू.

(२) आरंभ संगणकाच्या आधीचा आहे. १ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला एक वर्षासाठी मिळाला होता. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओडिशा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दिसू लागले. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक तेव्हा यश पाल होते. प्रयोगाच्या आखणीत आणि संचालनात मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता.

(३) सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखलेला होता. पण याच उपग्रहाचा आणखी एक उपयोग झाला, जो आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही. १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये आणि १९७६ च्या उन्हाळ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञान-अध्यापनाचे बारा-बारा दिवसांचे वर्ग घेण्यात आले. दोन्ही फेर्‍या मिळून सुमारे ४८ हजार शिक्षक त्यांत सहभागी झाले.

(४) या वर्गांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. एनसीईआरटीने आखलेल्या या प्रशिक्षणात दूरचित्रवाणीच्या जोडीला रेडिओचे कार्यक्रम, छापील साहित्य, गटचर्चा आणि हाताने करावयाचे प्रयोग होते. पडद्यावर जे दिसले ते शिक्षकाने स्वतः करून पाहायचे आणि त्यावर सहकार्‍यांशी बोलायचे. संच कसा चालू करावा हा त्यातला अगदी किरकोळ भाग. मुख्य विषय होता विज्ञान कसे शिकवावे हा. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोगाची मुदत संपली आणि उपग्रह परत गेला.

(५) पुढचा टप्पा १९८४-८५ चा. ‘क्लास’ या केंद्रीय प्रकल्पाखाली देशातील २५० शाळांत संगणक पोहोचले. ते होते ब्रिटनमधील शाळांत रूढ झालेले बीबीसी मायक्रो. पुढील काही वर्षांत प्रकल्प दोन हजारांहून अधिक शाळांत पसरला. प्रत्येक शाळेतील मोजक्या शिक्षकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण मिळाले. आरंभीची बरीचशी आज्ञावली मात्र यंत्राबरोबरच ब्रिटनहून आलेली होती. आपला अभ्यासक्रम, आपली भाषा आणि तो पडदा यांचा मेळ कसा घालायचा, हे कोडे त्या मोजक्या शिक्षकांवरच सोडलेले होते.

(६) २००१ नंतर महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम घरोघरी माहीत झाला. शासकीय कर्मचार्‍यांप्रमाणे शिक्षकांनाही संगणक-अर्हता बंधनकारक झाली आणि मुदत चुकल्यास वेतनवाढीवर गदा येऊ लागली. या अभ्यासक्रमामुळे असंख्य शिक्षकांचा हात प्रथमच कळफलकावर पडला, हे मान्य केले पाहिजे. तथापि तेथे शिकवले जात होते ते पत्र टंकित करणे, तक्ते करणे, इंटरनेट पाहणे. अपूर्णांक किंवा ऋतुचक्र शिकवताना संगणकाचे काय करावे, हा प्रश्न त्या परीक्षेच्या कक्षेत येतच नव्हता.

(७) याच दशकात अनेक राज्यांनी शाळेतील संगणक-कक्ष खासगी कंपन्यांकडे सोपवले. कंपनीने यंत्रे बसवायची, निदेशक नेमायचा आणि ठरावीक वर्षांनी सारे शाळेच्या हवाली करायचे, असा हा करार. त्यामुळे संगणक हा ‘संगणकवाल्या सरांचा’ विषय ठरला. करार संपला की निदेशक जाई आणि कक्षाला कुलूप लागे. कारण गणिताच्या वा भूगोलाच्या शिक्षकाचा त्या खोलीशी संबंधच आलेला नसे.

(८) केरळने वेगळी वाट निवडली. अवकाशशास्त्रज्ञ यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील कार्यदलाच्या शिफारशीवरून २००१ मध्ये तेथे ‘आयटी@स्कूल’ प्रकल्प उभा राहिला. त्याचे प्रशिक्षक शाळांतील शिक्षकांमधूनच निवडले गेले आणि प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे समन्वयाची जबाबदारी आली. पुढे प्रकल्पाने मुक्त आज्ञावली स्वीकारली. परवान्याचा खर्च वाचला. शिवाय मल्याळममध्ये आणि स्थानिक अभ्यासक्रमाला अनुसरून बदल करण्याची मोकळीक मिळाली.

(९) २००५ मध्ये एज्युसॅट उपग्रहाच्या आधारे केरळची ‘व्हिक्टर्स’ ही शैक्षणिक वाहिनी सुरू झाली. पंधरा वर्षांनी, महामारीत शाळा बंद असताना, १ जून २०२० रोजी त्याच वाहिनीवरून ‘फर्स्ट बेल’ या नावाने राज्यभरातील मुलांचे धडे सुरू होऊ शकले. संकटाच्या वेळी कामी आलेली ही व्यवस्था दोन दशकांच्या तयारीतून घडली होती.

(१०) महाराष्ट्रातही शिक्षकांनी आपल्या बळावर वाट काढल्याची उदाहरणे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते कोड आले आणि २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला. ही कल्पना वरून आलेल्या आदेशातून निघाली नव्हती. वर्गातली अडचण ज्याला रोज दिसत होती, त्यानेच ती शोधली.

(११) या सार्‍या इतिहासातून एक सूत्र हाती लागते. प्रशिक्षणाचा विषय केवळ यंत्र असतो, तेव्हा यंत्र जुने होताच प्रशिक्षणही वाया जाते. बीबीसी मायक्रो आज वस्तुसंग्रहालयात आहे; पण १९७५ च्या वर्गात एखाद्या शिक्षकाने करून पाहिलेला प्रयोग त्याला पुढे निवृत्तीपर्यंत पुरण्याजोगा होता.

(१२) २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता शाळेच्या दाराशी आली आहे. ते ५० तास नव्या यंत्राची कळ दाबण्यात जातील, की आपला धडा नव्याने रचण्यात, यावर पुढील पिढीच्या वर्गात काय घडेल ते ठरणार आहे.