डालडा १३ची नजर

१९३०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या वृत्तपत्रांत आणि मासिकांत माणेकशा व्यारावाला या नावाने काही वेगळेच फोटो छापून येऊ लागले. त्यांतले बरेचसे माणेकशांचे नव्हतेच. ते काढले होते फोटोग्राफर होमाई व्यारावाला यांनी. एक तर त्या अजून कुणाला ठाऊक नव्हत्या आणि त्यात बाई! तेव्हा श्रेय पुढे पती झालेल्या माणेकशांच्या नावे गेलं. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये बायकांच्या सहलीचे होमाईंचे फोटो आले, तेव्हा एका फोटोला एक रुपया मिळाला होता. शैली कमावली म्हणजे आपोआप नाव होतं, असं मानणाऱ्यांनी हा हिशेब जरूर पाहावा.

होमाईंचा जन्म १९१३चा, नवसारीचा. वडील पारशी-उर्दू नाटक कंपनीत नट. शिक्षण झालं मुंबईत, सर जे. जे. कला विद्यालयात. तिथली मैत्रीण रेहाना मोगल ही त्यांची सुरुवातीची मॉडेल. स्टुडिओची परंपरा तोवर चांगलीच मुरलेली होती. राजा दीनदयाळ यांनी १८९६मध्ये मुंबईत शाखा काढली, त्या काळात फोटो म्हणजे रंगवलेला पडदा, कोरीव खुर्ची आणि श्वास रोखून बसलेलं गिऱ्हाईक. होमाईंच्या फोटोंतली रेहाना मात्र उजेडाकडे तोंड करून आपल्याच नादात दिसते. चित्रकला शिकलेल्या डोळ्याला सावली हीसुद्धा आकृतीच वाटते, हे त्या फोटोंत लगेच कळतं.

१९४२मध्ये हे जोडपं दिल्लीला गेलं आणि ब्रिटिश माहिती खात्यात नोकरीला लागलं. बाहेरची कामं करायची मुभा होती. साडी नेसून, खांद्याला अवजड सामान अडकवून सायकलवरून कार्यक्रमाला पोचणारी ही बाई दिल्लीच्या पत्रकार मंडळींना लवकरच सवयीची झाली. कनिष्ठ सहकारी तिला ‘मम्मी’ म्हणत.

त्यांची शैली घडवण्यात हत्यारांचा वाटा मोठा आहे. स्पीड ग्राफिक हा चार बाय पाच इंची निगेटिव्हचा बोजड कॅमेरा. फिल्मच्या एका होल्डरमध्ये दोनच फोटो. ते संपले की नवा होल्डर घालायचा. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, मग तो तापलेला बल्ब काढून दुसरा बसवायचा. तेवढ्यात समोरचा पाहुणा मोटारीत बसून निघूनही जाई. साहजिकच कळ दाबण्याआधी माणूस आता काय करेल याचा अंदाज बांधावा लागे, आणि तो अंदाज बांधता येणं हेच खरं कसब ठरे. रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याची गंमत निराळी. तो पोटाशी धरून वरून काचेत पाहायचं. त्यामुळे समोरचा माणूस किंचित खालून टिपला जातो आणि जरा उंच, जरा भारदस्त दिसतो. शिवाय फोटोग्राफरचा चेहरा कॅमेऱ्यामागे दडत नाही. कुणी आपल्यावर नेम धरलाय असं समोरच्याला वाटत नाही. होमाईंच्या फोटोंतल्या नेत्यांच्या चेहऱ्यांवरचा मोकळेपणा थोडा तरी त्यामुळे आला असावा.

नेहरू हा त्यांचा आवडता विषय. १९५४मध्ये ते पालम विमानतळावर बहिणीची, विजयालक्ष्मी पंडितांची वाट पाहत उभे आहेत आणि शेजारी पाटी आहे: फोटो काढण्यास सक्त मनाई. होमाईंनी पाटीसकट फोटो काढला. दुसऱ्या एका प्रसिद्ध फोटोत नेहरू स्वतःच्या ओठांत सिगारेट ठेवून विमानात ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देत आहेत. दोन्ही फोटोंत हसू येतं, पण नेहरूंचं हसं होत नाही. ही सीमा त्यांनी कटाक्षाने पाळली. माझ्या मते त्यांची शैली ती हीच. प्रकाश-छायेची करामत त्यानंतर.

चुटपुट लावणारी गोष्ट ३० जानेवारी १९४८ची. त्या दिवशी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. माणेकशांनी थांबवलं, उद्या दोघं मिळून जाऊ म्हणाले. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. पुढे अंत्ययात्रा होमाईंनी टिपली, पण ते थांबणं त्यांना जन्मभर सलत राहिलं.

‘डालडा १३’ हे टोपणनावही त्यांनी स्वतःच घेतलं. जन्मसाल तेरा, माणेकशांची भेट तेराव्या वर्षी, आणि पहिल्या मोटारीचा नंबर डीएलडी १३. तेराला अशुभ मानणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून!

१९६९मध्ये माणेकशा गेले आणि पुढच्याच वर्षी होमाईंनी काम सोडलं. फोटोग्राफरांच्या नव्या पिढीची धक्काबुक्की आणि बेशिस्त त्यांना असह्य झाली होती. त्यानंतर चार दशकं, म्हणजे काम केलं त्याहून जास्त काळ, त्या कॅमेऱ्यापासून दूर राहिल्या. अखेरची वर्षं वडोदऱ्यात काढली. २०११मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि १५ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांचा संग्रह आता दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आहे, आणि त्यातल्या फोटोंखाली श्रेय होमाई व्यारावाला यांचंच आहे.