भिवंडी १९९२ला का पेटली नाही?

१९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली भिवंडीने भोगल्या. यंत्रमागांचं हे गाव. हिंदू-मुसलमान दोघांचंही पोट त्याच मागांवर. १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आलेल्या सुरेश खोपड्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. शांतता कमिट्या आधीही असत, पण त्यांत नेहमीचे पुढारी, आणि बैठक सण तोंडावर आला की! इथे मात्र त्याच गल्लीतली साधी माणसं, दोन्ही समाजांची, आणि सोबत तिथला बीटचा पोलीस.

मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की बैठकीत ऐक्यावर भाषणं ठोकण्यापेक्षा शेजाऱ्यांची किरकोळ भांडणं मिटवण्यावर भर होता. बीटचा पोलीस नावानिशी ओळखीचा झाला, की अफवा खरी का खोटी हे त्यालाच विचारता येतं. खबऱ्याला हे जमत नाही. तो गुपचूप येतो आणि वस्ती त्याला बिचकते.

डिसेंबर १९९२मध्ये बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली. जवळची भिवंडी शांत राहिली, आणि तीही खोपड्यांची बदली होऊन गेल्यावर.

मुंबईत अशा कमिट्या निघाल्या त्या दंगलीनंतर.