देणगी आणि तिची अट

वैद्यकीय विद्यालयांचा इतिहास सांगताना आपण नामांकित प्राध्यापकांची नावे घेतो. पैसा कोणी जमवला आणि कोणत्या अटीवर दिला, हे मात्र क्वचितच विचारतो. आज आपण नेमके तेच विचारणार आहोत.

अमेरिकेतील बाल्टिमोरचे व्यापारी जॉन्स हॉपकिन्स १८७३ साली वारले. विद्यापीठ आणि रुग्णालय यांसाठी त्यांनी ७० लाख डॉलर मागे ठेवले. रुग्णालय १८८९ मध्ये उघडले. पण वैद्यकीय विद्यालयाचे घोडे अडले. विद्यापीठाचा निधी एका रेल्वे कंपनीच्या शेअरांत गुंतला होता आणि त्या शेअरांवरचे उत्पन्न थांबले होते. रुग्णालय सज्ज, ऑस्लर आणि वेल्च यांच्यासारखे पंडित हजर. नव्हता तो फक्त पैसा!

ही अडचण चार स्त्रियांनी हेरली. मेरी गॅरेट, केरी टॉमस, मेरी ग्विन आणि एलिझाबेथ किंग या चौघीही विश्वस्तांच्या मुली. त्यांतल्या केरी टॉमसला याच विद्यापीठाने पूर्वी वर्गात बसू दिले नव्हते. १८९० मध्ये या चौघींनी ठिकठिकाणच्या ओळखीच्या स्त्रियांना पत्रे घातली आणि शहरोशहरी समित्या उभ्या केल्या. वॉशिंग्टनच्या समितीच्या प्रमुख तर राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी कॅरोलाइन हॅरिसन होत्या! १८९१ च्या फेब्रुवारीत ‘सेंच्युरी’ मासिकात स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या बाजूने पत्रे छापून आली. लिहिणारांत कार्डिनल गिबन्स होते, खुद्द ऑस्लरही होते. वर्गणी, ओळखी आणि छापील शब्द अशी ही तिहेरी मोहीम होती.

समित्यांनी १ लाख डॉलर देऊ केले. अट एकच : पुरुषांना जे नियम, त्याच नियमांवर स्त्रियांना प्रवेश. विश्वस्तांनी ती मान्य केली. पण एकूण ५ लाख जमेपर्यंत विद्यालय उघडणार नाही, असेही ठरवले. नकार द्यायचा नाही आणि कामही पुढे जाऊ द्यायचे नाही, ही रीत आपल्याही गावांना अपरिचित नाही.

अखेर १८९२ च्या डिसेंबरात मेरी गॅरेट यांनी ३,०६,९७७ डॉलर एकहाती दिले आणि अट आणखी कडक केली. प्रवेशासाठी आधीची पदवी हवी, विज्ञानाची पूर्वतयारी हवी, फ्रेंच व जर्मन यायला हव्यात. त्या काळी अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय शाळांत एवढी तयारी कोणी मागत नसे. १८९३ च्या ऑक्टोबरात विद्यालय सुरू झाले, तेव्हा पहिल्या १८ विद्यार्थ्यांत ३ स्त्रिया होत्या.

मोठी रक्कम जर एकटीनेच दिली, तर समित्यांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आमच्या मते उपयोग असा : विश्वस्तांनी वचन दिले ते समित्यांच्या १ लाखाला. एका श्रीमंत बाईची अट लहर म्हणून टाळता येते. अनेक शहरांनी मिळून घातलेली अट तशी टाळता येत नाही.

आपल्या मुंबईतही असेच एक उदाहरण घडले. सरकारी वैद्यकीय शिक्षणात वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे जात. अशा वेळी सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली, की अध्यापक म्हणून सरकारी नोकरीत नसलेले, पात्र भारतीयच नेमावेत. १९२६ साली परळला त्यांच्या नावाचे महाविद्यालय के. ई. एम. रुग्णालयासह सुरू झाले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. साम्य आहे ते हेतूत.

दात्याने अट घालावी काय, हा प्रश्न आजही विचारला जातो. आम्हांला वाटते, अट कोणासाठी आहे हे आधी पाहावे. आपल्या मुलाला जागा मिळावी म्हणून घातलेली अट हा सौदा होय. गॅरेटबाईंच्या अटीचा लाभ त्यांना स्वतःला काहीच नव्हता. तो पुढे येणाऱ्या अनोळखी मुलींना होता. उद्या रुग्णालयासाठी वर्गणी मागायला कोणी आपल्या दारी आले, तर आकडा घालण्यापूर्वी आपण एवढे अवश्य विचारावे : येथे दार कोणाला उघडे राहणार आहे?