बर्फ कुणी वाहिला?

फ्लॉरेन्समध्ये जेलातोच्या दुकानात शिरलं की दोन गोष्टी हमखास कानावर येतात. पहिली कातेरिना दे मेदिचीची. 1533 मध्ये ही चौदा वर्षांची मुलगी फ्रान्सच्या राजपुत्राशी लग्न करायला निघाली आणि गोठवलेल्या मिठाया करणारे आचारी सोबत घेऊन गेली, म्हणून फ्रान्सला जेलातो कळलं. दुसरी बेर्नार्दो बुओंतालेंतीची. मेदिचींच्या दरबारातल्या या वास्तुविशारदाने दूध, अंडी, साखर गोठवून पहिलं जेलातो केलं, अशी ती गोष्ट.

कातेरिनाच्या गोष्टीला तिच्या काळातल्या एकाही कागदाचा आधार नाही. एलिझाबेथ डेव्हिड यांचं ‘हार्वेस्ट ऑफ द कोल्ड मन्थ्स’ हे बर्फाच्या इतिहासावरचं पुस्तक 1994 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी ही कथा पार उसवून ठेवली आहे. तरी गोष्ट मरत नाही. मला तिचा राग येतो, कारण तिच्या झगमगाटात ज्यांनी खरी मेहनत केली ती माणसं दिसेनाशी होतात.

या रागाला धार आणली शुभदाने. शुभदा माझी शाळेपासूनची मैत्रीण. सांगलीकडच्या एका दूध संघात ती निवृत्त होईपर्यंत दुधाची प्रत तपासत होती. ती माझ्याकडे राहायला आली तेव्हा आम्ही शहरभर जेलातो चाखत हिंडलो. नियम तिचा: कुठेही गेलो तरी दोनच चवी घ्यायच्या, फिओर दी लात्ते आणि पिस्ता. फिओर दी लात्ते म्हणजे नुसतं दूध, साय आणि साखर. अंडं नाही, व्हॅनिला नाही. “यात लपवायला जागाच नाही गं,” ती म्हणाली. “दूध वाईट असेल तर पहिल्या चमच्याला कळतं.”

शहराच्या मधोमध पर्यटकांच्या वाटेवर काही दुकानांत जेलातोचे रंगीत डोंगर रचलेले असतात. शुभदा तिथे आतसुद्धा शिरली नाही. एवढा उंच ढीग उन्हाळ्यात टिकतो म्हणजे त्यात हवा आणि वनस्पती तूप भरपूर, असं तिचं गणित. पोपटी पिस्ता दिसला की ती मान हलवायची. खरा पिस्ता वाटला की शेवाळी-तपकिरी, जरासा मळकट दिसतो. तसा आम्हाला व्हिया देई ताव्होलिनीमधल्या ‘पेर्के नो’मध्ये मिळाला. हे दुकान 1939 पासूनचं. ‘व्हिवोली’ त्याहून जुनं, 1930च्या सुमाराचं, आणि तिथे कोन देत नाहीत, कपातच देतात. ते आहे त्या गल्लीचं नाव व्हिया इझोला देल्ले स्तिंके. स्तिंके म्हणजे शहराचा जुना तुरुंग. तो पाडला आणि त्या जागेवर आज तेआत्रो व्हेर्दी उभं आहे. ‘व्हिवोली’तलं फिओर दी लात्ते शुभदाने तोंडात बराच वेळ घोळवलं. “हे बघ, आधी गारवा नाही लागत, आधी दूध लागतं.” तिच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही. माझं मन मात्र ‘पेर्के नो’च्या पिस्त्यावर जडलं. त्यावरून आमचं एकमत शेवटपर्यंत झालं नाही.

“विजेआधी हे लोक गोठवायचे कशाने?” हा प्रश्नही तिचाच, आणि जेलातोचा खरा इतिहास तिथून सुरू होतो.

गोठवायचे ते बर्फाने आणि मिठाने. नुसत्या बर्फाने दूध गार होतं, पण गोठत नाही. बर्फात मीठ मिसळलं की तो भराभर वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता शेजारच्या भांड्यातून ओढून घेतो. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घातलं तर शून्याखाली वीस अंशांच्या आसपास जाता येतं. आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात लाकडी बादली, आत पत्र्याचं भांडं, भोवती फोडलेला बर्फ आणि खडेमीठ घालून दांडा फिरवत पॉट आईस्क्रीम व्हायचं. शुभदाने ते कित्येकदा फिरवलं आहे. तिला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

ही युक्ती इटलीत हळूहळू उमगत गेली. नेपल्सच्या जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ताने 1589च्या आपल्या ग्रंथात बर्फ आणि सोरा वापरून काचपात्रातली वाइन गोठवायची कृती दिली. साधारण त्याच काळात आपल्याकडे अबुल फझल ‘ऐन-ए-अकबरी’त सोऱ्याने पाणी गार करायची रीत नोंदवत होता आणि लाहोरच्या दरबारासाठी डोंगरातून बर्फ येत होता. पुढे शंभरेक वर्षांनी, 1692 आणि 1694 मध्ये, आंतोनियो लातिनीच्या पाकग्रंथाचे दोन भाग नेपल्सला छापले गेले. त्यात सोर्बेत्तोच्या कृती आहेत, आणि एक दुधाचीही आहे. लातिनी हा अनाथ मुलगा. पडेल ती कामं करत तो बड्या घरच्या मुदपाकखान्याचा कारभारी झाला. जेलातोला जन्मकथाच हवी असेल, तर मी राजकन्येऐवजी या पोराची सांगेन.

आणि बुओंतालेंती? त्याने जेलातो शोधलं याला पुरावा नाही, पण बर्फाच्या कोठ्या बांधल्या हे खरं. हिवाळ्यातला बर्फ उन्हाळ्यापर्यंत टिकवणं हा स्थापत्याचा प्रश्न होता: खोल खड्डा, जाड भिंती, पाणी निथळायला वाट, वरून गवताचं आच्छादन. फ्रांचेस्को रेदी या वैद्य-कवीच्या 1685च्या ‘बाक्को इन तोस्काना’ या काव्यात मद्याचा देव व्हाल्लोम्ब्रोझाहून हिम आणि बोबोलीच्या टेकडीवरच्या गुहेतून बर्फ मागवतो. म्हणजे बर्फ कुठून येतो हे तेव्हा वाचणाऱ्यांच्या ओळखीचं होतं. व्हिया देल्ले गियाच्चाये, बर्फकोठ्यांचा रस्ता, शहराच्या नकाशावर आजही आहे.

शुभदाला कोठी प्रत्यक्ष बघायची होती. म्हणून आम्ही पिस्तोइयाला गेलो आणि तिथून बसने ले पियास्त्रेच्या डोंगरात. रेनो नदीच्या त्या खोऱ्यात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत बर्फाचं पीक घेतलं जायचं. पीकच म्हणायला हवं, कारण त्याला ऋतू होता, मशागत होती आणि कापणीही होती. नदीचं पाणी पाटाने उथळ तळ्यात घ्यायचं. कडाक्याच्या रात्रींत ते थरावर थर गोठायचं. जाडी पुरेशी झाली की माणसं बर्फ फोडून शेजारच्या कोठीत ढकलायची. तिथली मादोन्नीना नावाची कोठी जतन केलेली आहे: गोल, दगडी, जमिनीत खोल गेलेली, वर गवताने शाकारलेलं टोकदार छप्पर. आम्ही गेलो तेव्हा बाहेर ऊन चटकत होतं. शुभदाने भिंतीच्या दगडावर पंजा टेकवला आणि तिच्यातल्या तपासनिसाने विचारलं, “पाणी निथळतं कुठून?” तिथून पुढचा बराच वेळ आम्ही तळ आणि निचरा यांवरच बोलत होतो.

उन्हाळ्यात हा बर्फ रात्री गाड्यांवर लादून खाली शहरांकडे न्यायचे. 1864 मध्ये पिस्तोइया–बोलोन्या रेल्वे याच डोंगरातून सुरू झाली आणि त्याला आणखी दूरच्या बाजारांची वाट मिळाली. इस्पितळं, खाटिक, जेलातोवाले, सगळे गिऱ्हाईक. शेतं रिकामी असताना, गोठलेल्या पाण्यात उभं राहून ज्यांनी हे काम केलं, त्यांच्यापैकी कुणाचंही नाव एखाद्या चवीला दिलेलं नाही. बुओंतालेंतीचं दिलं आहे. व्हियाले देई मिल्लेवरच्या ‘बादियानी’ने 1970च्या दशकात त्याच्या नावाने अंडं आणि साय घातलेली दाट चव काढली, ती आता शहरभर मिळते.

कारखान्यात बर्फ बनू लागला तसा डोंगरातला धंदा आटला. 1927 मध्ये बोलोन्याच्या ओतेल्लो कात्ताब्रिगाने जेलातोचं विजेवरचं उभं यंत्र काढलं, आणि दांडा फिरवणारे हातही सुटले. ‘पेर्के नो’ आणि ‘व्हिवोली’ या बदलाच्या ऐन काळातली दुकानं.

फ्लॉरेन्सला परतल्यावर शुभदा कातेरिनाची गोष्ट सांगणाऱ्या एका दुकानदाराशी बोलली. मी दुभाषी. तो उत्साहाने राजकन्येवर बोलत होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याला ले पियास्त्रेची कोठी, तळं, पाट, गवताचं छप्पर असं सगळं हातवारे करत सांगितलं. तो इथलाच, पण तिकडे कधी गेला नव्हता. त्याने बिलाच्या पाठीमागे ते नाव लिहून घेतलं आणि बस कुठून सुटते ते विचारलं.