डोरोथीच्या बुटांची कुळकथा

७ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेत डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलावगृहात बुटांचा एक लाल जोड २ कोटी ८० लाख डॉलरना गेला. कमिशन धरून घेणाऱ्याला तो ३ कोटी २५ लाखांना पडला. चित्रपटातल्या कुठल्याही वस्तूला लिलावात एवढी किंमत कधीच आली नव्हती. या बुटांना म्हणतात माणकांचे बूट, पण त्यात माणिक एकही नाही. आत साधे रेशमी बूट आणि वर लाल टिकल्या. 'द विझर्ड ऑफ ऑझ' या १९३९ च्या चित्रपटासाठी ते तयार झाले आणि ज्युडी गार्लंडने डोरोथी म्हणून असेच बूट घालून पिवळ्या विटांचा रस्ता तुडवला. ज्या पुस्तकावरून हा चित्रपट निघाला, त्यात मात्र लाल बूट नाहीतच. तिथे डोरोथीच्या पायात आहेत ते चांदीचे बूट.

चांदीचे लाल कसे झाले आणि पुढच्या पिढ्यांना ते पुन्हा चांदीचे का करावे लागले, ही या गोष्टीची खरी वंशावळ आहे. 'ऑझ'ची नवी आवृत्ती रंगमंचावर येवो की पडद्यावर, तिच्यातल्या मुलीच्या पायाकडे आधी बघावं. ती पुस्तकाची लेक आहे की चित्रपटाची, ते तिथेच कळतं.

परीकथेत पादत्राणाला मान फार जुना आहे. फ्रेंच लेखक शार्ल पेरो याच्या १६९७ च्या संग्रहात सिंड्रेलाचा काचेचा बूट आहे, आणि एका ढांगेत सात कोस तोडणारे बूटही आहेत. १८४५ मध्ये हान्स अँडरसन या चांभाराच्या मुलाने लाल बुटांची गोष्ट लिहिली. त्यातल्या मुलीला सुंदर बुटांचा मोह होतो, त्याची शिक्षा म्हणून बूट तिला थांबूच देत नाहीत, नाचवत राहतात आणि शेवटी तिला पाय तोडून घ्यावे लागतात. मुलांना वाचून दाखवताना आवंढा गिळावा लागेल अशी ती गोष्ट आहे.

एल. फ्रँक बॉमला नेमकं हेच नको होतं. आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने सांगून टाकलं की जुन्या परीकथांमधली भीती आणि तात्पर्याचा बडगा त्याला वगळायचा आहे. बॉम १८५६ सालचा, न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला. साउथ डकोटातल्या ॲबरडीन गावात त्याने दुकान काढलं, ते बुडालं. वर्तमानपत्र चालवलं, तेही टिकलं नाही. १८९१ मध्ये तो शिकागोला आला, चिनीमातीच्या भांड्यांचा फिरता विक्रेता झाला. १८९७ मध्ये त्याने दुकानांच्या काचेआडची मांडणी कशी सजवावी हे शिकवणारं 'द शो विंडो' नावाचं मासिक सुरू केलं. काचेमागे काय चमकलं म्हणजे रस्त्यावरचा माणूस थबकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

१९०० मध्ये शिकागोच्या जॉर्ज एम. हिल कंपनीने 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' छापलं. चित्रं डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लोची. कथा जसा मुलूख बदलते तसा पानांवरच्या चित्रांचा रंगही बदलतो: मंचकिनांच्या देशात निळा, पाचूच्या नगरीत हिरवा. आणि डोरोथी राहते ते कॅन्सस मात्र करडं. जमीन करडी, घर करडं, एम मावशीचे डोळेसुद्धा करडे. वावटळ डोरोथीचं घर उचलून नेते आणि पूर्वेच्या दुष्ट चेटकिणीच्या अंगावर आदळते. चेटकीण उन्हात वाळून नाहीशी होते, मागे उरतात टोकदार चांदीचे बूट. उत्तरेची भली चेटकीण ते डोरोथीला देते. त्यांच्यात जादू आहे हे मंचकिनांना माहीत असतं, कोणती ते माहीत नसतं.

बॉमची खरी करामत इथे आहे. घरी जायचं साधन मुलीच्या पायात सुरुवातीलाच घातलेलं आहे. ती बुजगावण्याला खांबावरून सोडवते, पत्र्याच्या लाकूडतोड्याच्या सांध्यांना तेल घालते, भित्र्या सिंहाला धीर देते, पश्चिमेच्या चेटकिणीला पाण्याने विरघळवते, आणि हे सगळं करताना घरी नेणारे बूट तिच्या पायात असतातच. शेवटी दक्षिणेची भली चेटकीण ग्लिंडा सांगते, टाचा तीनदा एकमेकींवर आपट. डोरोथी कॅन्ससच्या गवतावर उतरते तेव्हा पायात फक्त मोजे उरलेले असतात. बूट वाळवंटावरून येताना गळून पडलेले असतात, ते कायमचेच. आणि समोर हेन्री काकांनी नवं घर बांधलेलं असतं, कारण जुनं घर खरोखरच उडून गेलं होतं. ते स्वप्न नव्हतं. मला पुस्तकाचा शेवट चित्रपटापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो तो यासाठी. चित्रपट डोरोथीला अंथरुणात जागं करतो आणि मोठी माणसं तिच्या बोलण्यावर समजुतीने हसतात. बॉमने आपल्या नायिकेवर तो अविश्वास दाखवला नव्हता.

चांदीच्या रंगावरून पुढे एक वेगळाच वादही झाला. १९६४ मध्ये हेन्री लिटलफील्ड या शिक्षकाने 'अमेरिकन क्वार्टर्ली'त लेख लिहिला. पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सोनं, बूट म्हणजे चांदी, आणि ही गोष्ट म्हणजे १८९० च्या दशकात अमेरिकेत चलनात चांदीही हवी म्हणून झालेल्या चळवळीचं रूपक, असा त्याचा अर्थ. वर्गात शिकवायला तो फार सोयीचा होता, म्हणून पसरलाही. बॉमच्या मनात असं काही होतं याला पुरावा नाही, हे पुढे लिटलफील्डनेही मान्य केलं. पण पुस्तकातले बूट लाल असते तर हे रूपक सुचणंही शक्य नव्हतं.

गोष्टीची रूपांतरं बॉमच्या हयातीतच सुरू झाली. १९०२ मध्ये शिकागोत संगीत नाटक आलं, त्यात डोरोथीच्या टोटो कुत्र्याच्या जागी इमोजीन नावाची गाय होती. प्रयोग तुफान चालला. बॉमने स्वतः ऑझची चौदा पुस्तकं लिहिली. बूट हरवलेले असल्यामुळे १९०७ च्या 'ओझ्मा ऑफ ऑझ'मध्ये त्याने डोरोथीला नोम राजाचा जादूचा कमरपट्टा दिला. हा कमरपट्टा लक्षात ठेवा.

१९३८ मध्ये एमजीएम स्टुडिओत पटकथा लिहिली जात होती. सुरुवातीच्या मसुद्यांत बूट चांदीचेच होते. त्या मे महिन्यातल्या मसुद्यात पटकथाकार नोएल लँगली याने ते माणकांचे केले. कारण होतं टेक्निकलर. तीन रंगांच्या फितींवर चित्रीकरण करणारं हे तंत्र महागडं होतं, आणि स्टुडिओला त्याचा पुरेपूर मोबदला पडद्यावर दिसायला हवा होता. पिवळ्याजर्द रस्त्यावर चांदी फिकी दिसली असती. लाल रंग शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

बुटांची घडण वेशभूषाकार एड्रियन याची. आधी त्याने वर वळलेल्या टोकांचा एक अरबी थाटाचा जोड करून बघितला. तो कॅन्ससच्या शेतकरी मुलीला शोभेना म्हणून बाजूला ठेवला. मग इनेस शू कंपनीचे साधे पांढरे रेशमी बूट घेतले, लाल रंगवले, आणि तलम कापडावर टिकल्या शिवून ते कापड बुटांवर चढवलं. एकेका बुटावर सुमारे २,३०० टिकल्या. समोर लाल मण्यांची आणि खड्यांची बो. नाचताना टाचांचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून काही जोडांच्या तळव्यांना फेल्ट चिकटवलं. आणि टिकल्यांचा रंग? डोळ्यांना जवळजवळ काळपट मरून. उजळ लाल घेतला असता तर टेक्निकलरमध्ये तो नारिंगीकडे गेला असता. जगाच्या आठवणीत घट्ट बसलेला तो माणकासारखा लाल, बुटांवर कमी आणि फिल्मवर जास्त आहे. कारागिरांनी कॅमेऱ्याची नजर ओळखून हाताखालचा रंग बिघडवला, तेव्हा पडद्यावरचा रंग साधला. या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

१९५६ हे या कुळकथेतलं वळणाचं वर्ष. त्या वर्षी बॉमच्या पुस्तकाचे हक्क अमेरिकेत संपले, गोष्ट सगळ्यांची झाली. आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला सीबीएसने चित्रपट पहिल्यांदा टीव्हीवर दाखवला. बहुतेक घरांत तेव्हा कृष्णधवल संच होते, म्हणजे कित्येक मुलांनी ते बूट आधी करडेच पाहिले. पण वर्षानुवर्षं प्रसारण होत गेलं, रंगीत संच आले, आणि डोरोथी म्हटलं की लाल बूट हे समीकरण पक्कं झालं. कायद्याने मात्र चांदी मोकळी आणि लाल मालकीचा. चित्रपटाचे हक्क पुढे वॉर्नर ब्रदर्सकडे आले, आणि त्यांनी ते डोळ्यांत तेल घालून राखले. २०११ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने चित्रपटाची जुनी जाहिरातचित्रं खुली ठरवली, तरी चित्रपटात घडलेली पात्रांची रूपं हक्काखालीच राहिली.

म्हणून १९८५ मध्ये डिस्नेने 'रिटर्न टू ऑझ' काढला तेव्हा लाल बुटांसाठी तेव्हाच्या हक्कधारक एमजीएमला पैसे मोजून परवानगी घ्यावी लागली. तो चित्रपट बऱ्याच अंशी 'ओझ्मा'वर बेतलेला. पण त्यात नोम राजाकडे कमरपट्टा नाही, माणकांचे बूट आहेत. बॉमने बूट हरवले म्हणून कमरपट्टा आणला होता; पन्नाशीला आलेल्या चित्रपटाच्या दबदब्याने कमरपट्टा हटवून बूट परत आणले.

चांदीची शाखाही चालूच होती. १९३९ मध्येच मॉस्कोत गणिताचा शिक्षक अलेक्सांद्र व्होल्कोव्ह याने बॉमची गोष्ट रशियनमध्ये स्वतःच्या पद्धतीने सांगितली. डोरोथीची एली झाली, बूट चांदीचे राहिले. पुढे त्याने या गोष्टीचे स्वतंत्र पाच भाग लिहिले आणि सोव्हिएत मुलांच्या पिढ्या एलीच्या ओळखीत वाढल्या. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर १९७५ मध्ये 'द विझ' आलं, सगळे कलाकार कृष्णवर्णीय. सात टोनी पुरस्कार मिळाले. १९७८ च्या चित्रपटात डायना रॉसची डोरोथी हार्लेममधली शिक्षिका होती, मायकेल जॅक्सन बुजगावणं. तिथेही बूट चांदीचे. त्या मंडळींनी १९३९ च्या चित्रपटाकडून काही उसनं घेतलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच तो 'ऑझ' इतका स्वतःच्या मातीतला झाला.

ग्रेगरी मॅग्वायरच्या १९९५ च्या 'विकेड' या कादंबरीने तर चेटकिणीलाच नायिका केलं. तिथले बूट बापाने लेकीसाठी काचेच्या मण्यांनी मढवलेले, प्रकाशागणिक रंग पालटणारे. २००३ च्या संगीतिकेत बूट चांदीचे आहेत, पण मंत्र पडताच त्यांच्यावर लाल प्रकाश येतो. हक्काचा भंग नाही, आणि प्रेक्षकाला ओळखही पटते. २०२४ च्या चित्रपटातही वेशभूषाकार पॉल टॅझवेलने चांदीच ठेवली. वेशभूषेचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष.

खुद्द लाल बुटांचं पुढे काय झालं? १९७० च्या एमजीएमच्या लिलावात एक जोड १५,००० डॉलरला गेला. १९७९ पासून एक जोड वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दुसरा जोड गार्लंडच्या जन्मगावी, मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्सच्या संग्रहालयातून २००५ च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेला. चोराची समजूत होती की माणकं खरी आहेत. २०१८ मध्ये एफबीआयने बूट हस्तगत केले आणि खात्री करायला स्मिथसोनियनकडे नेले. तेव्हा कळलं की दोन्ही जोड अदलाबदल झालेले आहेत: एकातला बूट दुसऱ्यातल्या बुटाचा खरा जोडीदार. डॅलसला विकला गेला तो हाच चोरीचा जोड, त्यामुळे ते जोडीदार आजही वेगळे आहेत.

घरात लहान मूल असेल तर त्याला चित्रपट जरूर दाखवा, पण त्याआधी बॉमचं पुस्तक वाचून दाखवा. ते आता जगाच्या मालकीचं आहे. लाल बूटही फार काळ कुणा एकाचे राहणार नाहीत: अमेरिकी कायद्याप्रमाणे चित्रपटाच्या हक्काची ९५ वर्षं २०३४ च्या अखेरीस पुरी होतात.