अडत्यापासून निर्यातीपर्यंत: सोलापूरचा कापडव्यापार

सोलापुरात १८७७ मध्ये सुरू झालेल्या ‘जुन्या मिल’मुळे कापडाची पेठ विस्तारली, तेव्हा परगावच्या गिऱ्हाइकाची पत जोखणे आणि भावाचा अंदाज देणे हे काम अडत्या, म्हणजे दुसऱ्याचा माल कमिशनवर विकणारा मध्यस्थ, करीत असे, आजच्या आंतरराष्ट्रीय व्यवसाय-सल्लागाराचा तोच खरा पूर्वज, जरी त्याच्याजवळ पदवी नव्हती. पुढे यंत्रमागांवरील टेरी टॉवेल, म्हणजे सुताचे फासे उभे ठेवून विणलेला, पाणी टिपणारा टॉवेल, परदेशी जाऊ लागला, तसे रंगाचा पक्केपणा, मापे आणि निर्यातीची कागदपत्रे यांचे ज्ञान अपरिहार्य ठरले. याच शहरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी तर त्याआधीच थेट वाहतुकीला हात घातला, आणि त्यांचा सहभाग असलेल्या सिंदिया या जहाज कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले.